चवीपुरते मीठ आणि अळणी अभिरुची

१

कॉफीत मीठ घालावे की घालू नये, या प्रश्नाची चर्चा साहित्यविषयक लेखनाच्या जागी करणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या शास्त्राने रस, आस्वाद, रुची, चर्वणा ही आपली पायाभूत परिभाषा स्वयंपाकघरातून उचलली, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी स्वयंपाकघरातील प्रश्नाकडे पाहून नाक मुरडावे, हे कृतघ्नपणाचे आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जेवून संतुष्ट होणाऱ्या माणसाचाच दृष्टान्त दिला. तो दृष्टान्त आपण दरवर्षी एम.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहितो, विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात, आणि त्यातले अन्न मात्र कोणीच चाखून पाहत नाही. प्रस्तुत लेख त्या अन्नातल्या एका द्रव्याविषयी आहे, आणि त्या द्रव्याविषयीच्या एका हट्टी समजुतीच्या विरोधात आहे.

अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका मिशेल फ्रँकल यांनी चहाच्या रसायनावरील आपल्या पुस्तकात, चहा कडवट झाल्यास त्यात चिमूटभर मीठ टाकावे, असा सल्ला दिला. जानेवारी २०२४ मध्ये तो इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत पोचला आणि तिकडे असा गहजब झाला की लंडनमधील अमेरिकी वकिलातीने, हे आमच्या देशाचे अधिकृत धोरण नाही, असे खुलासेवजा विनोदी पत्रक काढले. इंग्रज निदान हसत हसत भांडत होते. आपल्याकडे हीच गोष्ट निघाली की सुशिक्षित मराठी माणूस गंभीर होतो. चहा-कॉफीत मीठ? हे शहरी फॅड आहे. याने पदार्थाची मूळ चव बिघडते. असल्या भेसळीमुळेच अभिरुचीचा ऱ्हास होत चालला आहे, इत्यादी. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि वाङ्मयीन गप्पांत हे मत मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणा एकाचे राहिलेले नाही.

या मताच्या पोटात तीन विधाने दडलेली आहेत. एक, प्रत्येक पदार्थाला एक मूळ, शुद्ध चव असते. दोन, मीठ ही बाहेरून येऊन त्या चवीत मिसळणारी एक परकी चव आहे. तीन, कडवटपणा नकोच असेल तर त्यावर साखर आहे, मिठाचे काय काम? या तिन्ही विधानांना माझा विरोध आहे. तिसऱ्याला सर्वाधिक आहे. कारण त्याचे दुष्परिणाम कपाबाहेर, पार आपल्या कवितेपर्यंत पोचलेले आहेत.

२

आधी कपातले पाहू. कॉफी म्हणजे दक्षिणेकडची परकी वस्तू, असेही समजण्याचे कारण नाही. आमच्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला कॉफी पिकते. या कॉफीची मूळ चव कोणती? तिचे हिरवे बी चघळून पाहिले तर ज्याला आपण कॉफीची चव म्हणतो तिचा मागमूसही त्यात सापडत नाही. बी भाजले जाते तेव्हा त्यातील क्लोरोजेनिक आम्लांपासून नवी कडू द्रव्ये तयार होतात. बी जितके काळेभोर भाजावे, तितका हा कडूपणा तीव्र होत जातो. कॅफीन स्वतः कडू असले तरी कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा थोडाच. बराचसा कडूपणा विस्तवाने दिलेला आहे. पुढे आपण तीत दूध घालतो, साखर घालतो आणि मराठी घर असेल तर वर जायफळ किसतो. इतके सगळे संस्कार पचवून जिची ‘मूळ चव’ शाबूत राहते, ती कॉफी मिठाच्या चार कणांनी मात्र बाटते! सोवळ्याओवळ्याचे हे तर्कशास्त्र आपल्या समाजाला नवीन नाही. कशाने विटाळ होतो आणि कशाने होत नाही, हे तेथेही वस्तूच्या गुणधर्मावरून कधी ठरलेच नव्हते.

आता मीठ नेमके काय करते, ते पाहू. फिलाडेल्फियातील मोनेल या संस्थेत चव आणि गंध यांचेच संशोधन चालते. तेथील पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचॅम्प या दोघा शास्त्रज्ञांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गोडासाठी साखर घेतली, कडूसाठी युरिया घेतला आणि मिठाऐवजी सोडियम अ‍ॅसिटेट घेतले. हे शेवटचे द्रव्य निवडण्यात खुबी होती. त्यात सोडियम असतो, परंतु ते जिभेला फारसे खारट लागत नाही. म्हणजे जो परिणाम दिसेल तो खारटपणाचा नसून सोडियमचा, असे म्हणता येते. गोड आणि कडू यांच्या मिश्रणात हे द्रव्य घातल्यावर कडूपणा दबला आणि गोडी अधिक जाणवू लागली. पेल्यात साखरेचा एक कणही वाढलेला नव्हता. गोडी तेथे आधीपासूनच होती; कडूपणाने ती दडपून ठेवली होती. सोडियमने कडूला आवरले आणि गोडीची वाट मोकळी झाली.

‘मिठाने चव वाढते’ हे आपले नेहमीचे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. मीठ पदार्थात मुळात नसलेली गोडी आणून ओतत नाही. जे आत आहे पण जिभेपर्यंत पोचत नाही, त्याच्या वाटेतला अडसर ते काढते. सर्वच कडू द्रव्यांवर त्याचा सारखा प्रभाव पडत नाही. काही कडू पदार्थ मिठालाही दाद देत नाहीत, हे खरे. पण तत्त्व त्यामुळे बदलत नाही.

आणि ज्यांना हे कॉफीच्या संदर्भात विचित्र वाटते, त्यांच्याच घरात ते रोज चाललेले असते. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवायचे आणि मग पिळून घ्यायचे, हे कोणत्या घरी शिकवावे लागते? त्यात कडू रसाचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो, हे अर्धे उत्तर. उरलेले मीठ ताटात आल्यावर जिभेवरच्या कडूला आवरते, हे दुसरे अर्धे. मेथीची भाजी अळणी राहिली तर ती अळणी लागण्याआधी कडू लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. पुरणपोळीच्या कणकेत, शंकरपाळ्यांच्या पिठात, मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ पडते. शाळेच्या फाटकाशी बोरे विकणारी बाई कागदाच्या पुडीत मीठ बांधून देते, पेरूच्या फोडीवर मीठ भुरभुरले जाते, आणि आमरसातही मिठाची कणी टाकणारी घरे आहेत. यांपैकी कशालाही कोणी अभिरुचीचा ऱ्हास म्हटलेले नाही. म्हणजे आक्षेप मिठाला नाही; कॉफीला जी एक उच्चभ्रू पायरी आपण देऊन ठेवली आहे, त्या पायरीवर कारल्याची युक्ती चढली, याला आक्षेप आहे.

३

मराठीच्या अध्यापकांना तर हा आक्षेप घेण्याचा अधिकारच पोचत नाही. त्यांची भाषाच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते.

‘मीठ’ हा शब्द घ्या. संस्कृतातील ‘मृष्ट’ म्हणजे घासूनपुसून स्वच्छ केलेले. त्यावरून पुढे रुचकर, गोड. या शब्दाची एक संतती हिंदीतील ‘मीठा’. आणि दुसरी गुजरातीतील ‘मीठुं’ व मराठीतील ‘मीठ’. शेजारच्या भाषेत ज्या शब्दाचा अर्थ गोड, त्याच शब्दाने आपण खारट द्रव्याला हाक मारतो. कोणी म्हणेल, हा केवळ शुभ बोलण्याचा प्रकार. बांगडी फुटली की ‘वाढवली’ म्हणतात तसा. असेल. परंतु शुभ शब्दांच्या भल्यामोठ्या भांडारातून नेमका रुचीचा आणि स्वच्छतेचाच शब्द उचलला गेला, हे विसरता येत नाही. मीठ जिभेवरची वाट स्वच्छ करते हे प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवले. रांधणाऱ्या बायकांना ते कितीतरी आधीपासून ठाऊक असले पाहिजे. प्रयोगाने सिद्ध करणे वेगळे आणि अनुभवाने शब्दात साठवून ठेवणे वेगळे, एवढाच फरक.

आता ‘लवण’. त्याच्यापासून आपल्याकडे ‘लोणचे’ आले. ‘अलवण’ झिजून ‘अळणी’ झाला. (लोण्याचा मात्र या कुळाशी संबंध नाही, ते ‘नवनीता’चे.) आणि याच लवणापासून भाववाचक नाम झाले ‘लावण्य’. शब्दशः अर्थ करायचा तर खारेपणा! सौंदर्याला ज्या भाषेने खारेपणा म्हटले, तिला मिठाचा स्वभाव पुरता कळला होता, असेच म्हटले पाहिजे. कारण लावण्य म्हणजे नाकडोळ्यांप्रमाणे बोट ठेवून दाखवता येईल असा एखादा अवयव नव्हे. सगळे अवयव जागच्या जागी असतात, आणि तरी त्यांच्या पलीकडचे काहीतरी त्या सर्वांना उजळते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्याच उद्योतात, शब्दांच्या पलीकडे प्रतीत होणारा अर्थ कसा असतो हे सांगण्यासाठी नेमकी लावण्याचीच उपमा वापरली. हे उदाहरण आपण स्त्रीसौंदर्याचे म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. त्या शब्दात मीठ विरघळलेले आहे, हे वर्गात कोणी सांगत नाही. भारतीय साहित्यशास्त्रातील सर्वांत सूक्ष्म सिद्धान्ताच्या तळाशी असलेली ही मिठाची कणी आपण न चाखताच गिळली. योगायोग असा की आनंदवर्धन काश्मीरचा. त्याच्या काळी तिकडे चहा नव्हता. पण आज त्याच काश्मीरात ‘नून चाय’ म्हणजे मिठाचा चहा घरोघर पितात, आणि त्यामुळे तेथील अभिरुचीचा ऱ्हास झाल्याचे ऐकिवात नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात सहा रसांचे गुणदोष सांगितले आहेत. तेथे लवणरस हा इतर सर्व रसांच्या विरोधी जातो, अवकाश निर्माण करतो आणि आहाराला रुची आणतो, असे तिन्ही गुण एकाच ठिकाणी नोंदवले आहेत. विरोध करणारा आणि रुची आणणारा, हे एकाच द्रव्याचे वर्णन वरवर विसंगत दिसते. कडूला विरोध करून गोडाला जागा देणारे मीठ ज्याने चाखले आहे, त्याला त्यात विसंगती दिसणार नाही.

४

येथे आक्षेपक आपले हुकमी पान टाकतात: ‘दुधात मिठाचा खडा’. मीठ पडले की सगळे नासते, असे आपली भाषाच सांगत नाही का?

भाषा असे सांगत नाही. ती ‘खडा’ म्हणते, ‘चिमूट’ म्हणत नाही. मिठाच्या बाबतीत सगळा न्याय मात्रेचा आहे. कॉफीच्या पेल्यात घालावयाचे मीठ दाणे मोजता येतील इतकेच असले पाहिजे. पिणाऱ्याला ‘यात मीठ आहे’ असे कळले, की मात्रा चुकली. ते कळत नाही तोवर ते दुसऱ्यांसाठी काम करते, कळू लागले की स्वतःचीच जाहिरात करते. तुर्कस्तानात मुलगी पाहायला आलेल्या वराला भरपूर मीठ घातलेली कॉफी देऊन त्याचा संयम जोखण्याची प्रथा आहे. ती खड्याची कॉफी. व्हिएतनामातील हुए शहरात मिठाची कॉफी आवडीने पितात. तिकडे पिकते ती मुख्यतः रोबस्टा, जातीनेच अधिक कडवट. तिच्यावर खारवलेल्या दुधाची साय येते. ही चिमटीची कॉफी. दोन्हींत मीठच आहे, पण एक परीक्षा घेते आणि दुसरी चव देते.

मात्रा सुटली की काय होते, हे पाहायला विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील अनेक गावांच्या विहिरींचे पाणी खारे आणि जड. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, चहाला चहाची चव येत नाही, आणि तहान भागत नाही. त्या गावांतल्या माणसासमोर मिठाचे गुणगान करण्याची माझी प्राज्ञा नाही. तेथे मीठ निवडीने ताटात पडत नाही. ते जमिनीतून, न विचारता, प्रत्येक घोटात येते. रक्तदाबाच्या रुग्णालाही हेच लागू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, आणि चरकानेही विमानस्थानाच्या आरंभीच पिंपळी, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अति सेवन करू नयेत असे बजावले आहे. ज्याने मिठाचे गुण सांगितले त्यानेच मर्यादाही सांगितली. मिठाचा पुरस्कार म्हणजे अतिरेकाचा पुरस्कार, हे समीकरण आक्षेपकांचे आहे; मिठाचे नाही.

५

‘मूळ चवी’चा आग्रह कोण धरू शकतो, हाही प्रश्न एकदा विचारून घेतला पाहिजे. ज्याच्या ताटात सात पदार्थ आहेत, तो एकेका पदार्थाच्या शुद्धतेची चिकित्सा करू शकतो. आमच्या राळेगाव तालुक्यात कापूस वेचायला जाणारी बाई फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून नेते. त्या ठेच्यातले मीठ काढून घेतले तर मिरचीचा नुसता जाळ उरतो आणि ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नाही. मीठ घातले की त्याच भाकरीला ज्वारीची मंद गोडी येते. ती गोडी ज्वारीचीच असते. मिठाने फक्त तिला पुढे बोलावलेले असते. गरिबाच्या ताटात मीठ हे तोंडीलावणे नसते. सबंध जेवणाची चव त्याच्या जिवावर उभी असते. मिठावरच्या कराला हात घातल्यावर सबंध देश का पेटला, हे या भाकरीवरून कळते.

या संदर्भात गांधीजींचे उदाहरण दुहेरी अर्थाने बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि डाळी सोडण्याचा सल्ला दिला. तुम्हाला तरी हे सोडता येईल का, असे बा म्हणाल्या. आणि गांधीजींनी तत्क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडले. हा प्रसंग त्यांनीच आत्मकथेत सांगितला आहे. पुढे आश्रमाच्या एकादश व्रतांत त्यांनी ‘अस्वाद’ हे एक व्रत ठेवले. आमच्याकडून वर्धा नदी ओलांडली की त्यांच्या सेवाग्रामचा जिल्हा लागतो. म्हणजे ज्याने स्वतःच्या ताटातले मीठ काढून टाकले, तोच माणूस १९३० साली इतरांच्या ताटातल्या मिठासाठी दांडीपर्यंत चालत गेला. स्वतःचा संयम त्याने दुसऱ्याच्या चवीचा दंडक केला नाही. अस्वाद आणि आस्वाद यांत केवळ एका कान्याचे अंतर. पण आपल्या अस्वादाला दुसऱ्याच्या आस्वादाचा न्यायाधीश न करण्याची सभ्यता आपल्या शुद्धतावाद्यांना साधलेली नाही.

विदर्भाला समुद्र नाही. तरीही एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून मीठ तयार करण्यात आले आणि कायदा मोडण्यात आला. खारपाणपट्ट्यातले ते पाणी एरवी शाप होते. त्याच वर्षी १० जुलैला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. मीठ नव्हते तर गवत, पण मुद्दा तोच: जे जमिनीतून आपोआप येते, त्यावर कोणाची मालकी? ‘चवीपुरते मीठ’ या साध्या शब्दांमागे हा सगळा इतिहास उभा आहे. चवीपुरते म्हणजे कोणाच्या चवीपुरते, हे ठरवण्याचा हक्क खाणाऱ्याला असला पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

६

आता तिसऱ्या विधानाकडे, म्हणजे साखरेकडे येतो.

कडू लागले की साखर टाक, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही निवड केलेली आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. साखरही कडूला दाबते, हे खरे. पण त्यासाठी तिला स्वतः तोंडभर पसरावे लागते. दोन चमचे साखरेच्या कॉफीत कॉफी उरत नाही, साखरेचे पाणी उरते. मिठाला असा पसारा लागत नाही. ते कडूला पुसून टाकत नाही, हटवादीपणा सोडायला लावते. आणि मग त्या कडवटातलाच भाजकेपणा, आंबटसर झाक, मागाहून येणारी गोडी हे सगळे एकेक करून जिभेला भेटते.

आणि हे जे कपात घडते, तेच कवितेत घडते. यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली वीसपंचवीस वर्षे देशभर कशासाठी घेतले जाते, हे सांगायला नको. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून गेले, तेव्हापासून आजवर आमच्या भागातल्या प्रत्येक कविसंमेलनात शेतकऱ्याच्या आत्महत्येवरील कविता अपरिहार्य झाली आहे. विषय कडू आहे. त्याहून कडू विषय मला ठाऊक नाही. आणि बहुतेक कवी त्यावर काय टाकतात? साखर. आकाशाकडे पाहणारा बाप, पदर डोळ्याला लावणारी माय, पोरकी बैलजोडी, शेवटच्या कडव्यात काळ्या आईला घातलेली साद. सभागृह हळहळते, टाळ्या पडतात, परीक्षक (त्यांत आम्ही प्राध्यापकच असतो) बक्षीस देतात. त्या गोडव्याखाली त्या माणसाचे कर्ज, त्याचा हिशेब, त्याचा राग, त्याची चहाटळ विनोदबुद्धी, बायकोशी झालेले त्याचे शेवटचे क्षुल्लक भांडण, सगळे बुडून जाते. एक सबंध माणूस होता. त्याचा पाक झाला.

उलट उदाहरणही आमच्याच भागातले आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. कौतिकच्या आयुष्यात कडवटाला तोटा नाही. नवरा, दारिद्र्य, मुले, कशानेही तिला सुख दिले नाही. साखरेला इतकी मोठी संधी मराठी कादंबरीत क्वचितच मिळाली असेल. पण शेळक्यांनी ती घेतली नाही. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी कोरडी आहे, चटका देणारी आहे, हिशेबी आहे. तिच्यामुळे दुःखाला स्वतःचे कौतुक करायला वाव मिळत नाही. म्हणूनच त्या दुःखातली माया, जिद्द, चिडचिड, मधूनच चमकणारा विनोद हे सगळे आपल्यापर्यंत पोचते. आणि आमच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी वाक्य काय येते? ‘वऱ्हाडी बोलीमुळे कादंबरीला वेगळीच चव आली आहे.’ विद्यार्थ्यांचा दोष नाही. गाईडांनी आणि आम्ही त्यांना हेच शिकवले. बोली म्हणजे प्रमाणभाषेच्या पदार्थावर वरून भुरभुरायचे तोंडीलावणे, ही आपल्या समीक्षेची समजूत आणि मीठ म्हणजे बाहेरून येणारी परकी चव, ही आपल्या स्वयंपाकघरातली समजूत, या दोन नाहीत; एकच आहे. ‘धग’मध्ये वऱ्हाडी वरून पडलेली नाही. ती विरघळलेली आहे. ती काढून दाखवा म्हटले तर काढता येणार नाही, आणि काढलीच तर जे उरेल ते कमी चवदार नसेल, ते असह्य कडू तरी असेल किंवा असह्य गोड तरी.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेले बाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही आठवावे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावर मोठे वादळ उठले, आणि अखेर उद्घाटन झाले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते. निमंत्रण मागे घेण्याच्या प्रकाराचे मी समर्थन करीत नाही. तो मराठी सारस्वताला कमीपणा आणणारा प्रकार होता. पण त्या मंडपात, जेथे करुणरसाची सगळी सामग्री आधीच मांडून ठेवलेली होती, त्या बाईने रडून दाखवले नाही. दिल्लीकडे पाहणाऱ्यांना गल्लीची आठवण करून देणारा एक कोरडा टोला तिने हाणला आणि मांडव हसला. हसता हसता त्याला जे कळले ते शंभर कवितांनी कळले नव्हते. त्याला मी मीठ म्हणतो. दुःख तिचे होते, म्हणून त्याची मात्राही तिला ठाऊक होती.

आपल्या समीक्षेने मात्र अशा वेळी तोंडात मिठाची गुळणी धरलेली असते. एकीकडे ती साखरेला ‘संवेदनशीलता’ म्हणून मान देते, दुसरीकडे तिखटमीठ लावलेल्या लेखनाला ‘वास्तवदर्शी’ म्हणून उचलून धरते. तिखट आणि साखर या दोन्ही गोष्टी जिभेवर ओरडतात, म्हणून त्या तिला ऐकू येतात. जे विरघळून काम करते ते तिला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला गुण देण्याची सोय तिच्या गुणपत्रिकेत नाही. आनंदवर्धनाचे नाव घेऊन पगार घेणाऱ्यांनी निदान एवढे तरी खाल्ल्या मिठाला जागावे: कवितेत सर्वांत आधी दिसते ते काय, हे विचारून झाल्यावर, ते कशामुळे दिसू शकले, हेही विचारावे. आणि ज्यांना हा सगळा खटाटोप कॉफीच्या पेल्यातले वादळ वाटतो, त्यांनी तूर्त कारल्याची भाजी अळणी करून एकदा जेवून पाहावी. वाद त्यानंतर करू.